संत कूर्मदास आणि देवळाची पायरी

वारकरी संप्रदायात संत कूर्मदासांची कथा मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. पैठणचे कूर्मदास हातापायांनी विकल होते. कीर्तनात पंढरीचे वर्णन ऐकून त्यांच्या मनात विठ्ठलदर्शनाची तळमळ उत्पन्न झाली आणि कोणाच्या सोबतीची वाट न पाहता ते जमिनीवरून सरपटत निघाले. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असलेल्या लऊळ या गावी येईपर्यंत त्यांचे अंग सोलवटून निघाले होते, एकादशी तोंडावर आली होती आणि पंढरपूर अजून काही कोस दूर होते. आता आपल्याच्याने पुढे जाणे होणार नाही हे ओळखून त्यांनी पंढरीस निघालेल्या यात्रेकरूंबरोबर देवाला निरोप धाडला. कथा असे सांगते की, निरोप पोहोचताच श्रीविठ्ठल ज्ञानदेव आणि नामदेव यांना बरोबर घेऊन स्वतः लऊळला आले व आपल्या भक्ताला भेटले. लऊळ येथे कूर्मदासांचे मंदिर आहे.

ही कथा ऐकून श्रोत्यांचे डोळे पाणावतात. परंतु तिचा बोध मात्र प्रत्येक जण एकच घेतो असे नाही. देव भक्ताकडे येतो, तेव्हा ज्याला चालता येत नाही त्याने देवळापर्यंत येण्याचा खटाटोप करूच नये, असे काहींना वाटते. घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या आजींना किंवा व्हीलचेअरवर बसलेल्या तरुण मुलाला ‘देव काय घरात नाही? तू कशाला त्रास घेतोस?’ असे मायेने सांगितले जाते. त्या सांगण्यात माया असते हे खरे, पण त्यात सांगणाऱ्याची सोयही असते. कथेतील देवाने कूर्मदासांना पैठणला बसून राहण्यास सांगितले नाही. कूर्मदास निघाले, जेवढे त्यांच्या शक्तीत होते तेवढे अंतर त्यांनी स्वतः कापले, आणि जे उरले ते ज्याला चालणे शक्य होते त्याने चालून पूर्ण केले. उरलेले कोस कोणी चालायचे, हा या कथेतला खरा प्रश्न आहे, आणि देवालयाचे विश्वस्त, सेवेकरी, देणगीदार व धडधाकट भाविक या सर्वांना तो लागू पडतो.

मुंबईच्या उपनगरांत हे कोस मैलांनी मोजून भागत नाही, ते पायऱ्यांनी मोजावे लागतात. मुलुंडला राहणाऱ्या आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या भाविकास बोरिवलीला वझिरा नाक्यावरील स्वयंभू गणपतीच्या दर्शनास जावयाचे आहे असे समजावे. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रोने अंधेरी, आणि पुढे दुसऱ्या मेट्रोने बोरिवली, असा हा मार्ग आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, आणि अंधेरीहून उत्तरेकडे दहिसरपर्यंत जाणाऱ्या दोन्ही मार्गिका जानेवारी २०२३ पर्यंत पूर्ण झाल्या. मेट्रोच्या स्थानकांत उद्‌वाहक आहेत, अंध प्रवाशांसाठी जमिनीवर उंचवट्याच्या खुणांची पट्टी आहे, आणि डब्याचा तळ व फलाट बहुतांशी एका पातळीत येतात. लोकलची गोष्ट वेगळी आहे. तेथे अपंगांसाठी राखीव डबा असतो, आणि अनेक फलाटांवर तो जेथे थांबतो त्या जागी अंध प्रवाशांच्या सोयीसाठी आवाजाची खूणही असते. ही सोय साधी पण फार उपयोगी आहे. परंतु गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, डबा आणि फलाट यांच्यामध्ये पोकळी राहते, व राखीव डब्यात शिरलेले धडधाकट प्रवासी अनेकदा जागचे हलत नाहीत.

त्या पोकळीची किंमत घाटकोपरने पाहिली आहे. जानेवारी २०१४ मध्ये तेथे गाडीत चढताना एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी फलाट आणि डबा यांच्यामधील फटीत पडली व तिला दोन्ही हात गमवावे लागले. त्यानंतर फलाटांच्या कमी उंचीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि उपनगरी स्थानकांचे फलाट उंच करण्याच्या कामाला गती मिळाली. ती मुलगी सकाळी घरून निघाली तेव्हा पूर्ण धडधाकट होती. अपंग आणि सुदृढ अशी माणसांची जी कायमची वाटणी मनात केली जाते, ती अर्ध्या मिनिटात पुसली जाऊ शकते. वार्धक्य तर कोणालाच सोडत नाही. त्याला फक्त वेळ अधिक लागतो.

स्थानकाबाहेर पडल्यावर पदपथ लागतो. पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी खांब रोवलेले असतात. दोन खांबांमधून दुचाकी जात नाही, आणि अनेक ठिकाणी व्हीलचेअरही जात नाही. ही अडचण मुंबईतील एका व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणाने थेट उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना कळवली, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेऊन ती जनहित याचिका म्हणून चालवली. खांब रोवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणीच म्हणणार नाही. त्यांना पादचाऱ्यांचे रक्षणच करावयाचे होते. फक्त पादचारी म्हणजे कोण, हा विचार करताना चाकांवरून जाणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे आला नाही.

देवालयाच्या पायरीचेही असेच आहे. येथे एक नाजूक पण आवश्यक तुलना करावी लागते. पंढरपूरला श्रीविठ्ठलमंदिराच्या महाद्वारी संत नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर संत चोखामेळ्यांची समाधी आहे. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. तो अडथळा दगडाचा नव्हता, माणसांनी ठरवलेल्या नियमाचा होता. तो दूर व्हावा म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि दहा दिवसांनंतर मंदिराचे दार सर्वांना खुले झाले. त्या अन्यायात अपमान होता, जाणूनबुजून केलेले दूर लोटणे होते. पायरी कोणाचा अपमान करीत नाही. ती बांधणाऱ्याने श्रद्धेने बांधली, पुरात पाणी शिरू नये म्हणून जोते उंच घेतले, देवाचे स्थान वर असावे हा भाव ठेवला. म्हणून दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे म्हणणे चोखोबांवर अन्याय करणारे ठरेल. तरीही दाराबाहेर राहिलेल्या भक्ताच्या बाजूने पाहिले तर परिणाम एकच आहे : आत आरती चालू आहे आणि तो बाहेर आहे.

ज्या अन्यायात कोणी अन्यायी नाही, त्याची जबाबदारी कोणावर? धर्मविचारात कर्माचे मोल हेतूवरून ठरवण्याची रीत आहे. पायरी बांधणाऱ्याला दोष लागत नाही, कारण त्याच्या मनात कोणाला अडवावे असे नव्हते. पण हे समर्थन अज्ञान असेपर्यंतच टिकते. एकदा कोणी दाराशी येऊन ‘मला आत येता येत नाही’ असे सांगितले, की त्यानंतर ती पायरी तशीच ठेवणे हे नवे कर्म होते, आणि ते जाणतेपणी केलेले असते. काही जण अपंगत्व हे पूर्वकर्माचे फळ आहे असे म्हणून प्रश्नच मिटवू पाहतात. वादासाठी ते मान्य केले तरी समोरच्याचे पूर्वकर्म त्याच्यापाशी. पायरी तशीच ठेवण्याचे कर्म आजचे आहे आणि ते ठेवणाऱ्याच्या खात्यावर लिहिले जाते. दुसऱ्याच्या प्रारब्धाचा हिशेब मांडून आपले कर्तव्य वजा करण्याची मुभा कर्मसिद्धान्तात नाही.

यात्रेत कष्ट हवेतच, कष्टांशिवाय दर्शनाचे पुण्य कसले, असाही आक्षेप ऐकू येतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनवाणी चालणे, उपवास, रांगेत तासन्‌तास उभे राहणे यांनी मन देवाकडे लागते असा अनेकांचा अनुभव आहे. पण तप ते, जे माणूस स्वतः निवडतो. चढणाऱ्याने गड पायी चढावयाचे ठरवले तर ते तप आहे. ज्याला पायच उचलत नाहीत त्याच्यासमोर तोच गड उभा करणे हे तप नव्हे. वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, तरी पायऱ्या जागच्या जागी आहेत. नवस बोललेले भाविक त्या पायऱ्या चढतात आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत ते ट्रॉलीने जातात. एकाच्या ट्रॉलीने दुसऱ्याचे पुण्य उणे होते असे गडावर कोणी मानत असल्याचे दिसत नाही. शिवाय मुलुंडहून बोरिवलीपर्यंत जो व्हीलचेअरवरून येतो, त्याच्या वाटेवरील कष्टांची कोणी काळजी करू नये. ते भरपूर असतात.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र चांगुलपणातून येतो. ‘उताराची गरजच काय? आमचे चार सेवेकरी खुर्चीसकट उचलून गाभाऱ्यापर्यंत नेतील’, असे अनेक देवस्थानांत अभिमानाने सांगितले जाते, आणि ते खरेही असते. सेवेकरी धावत येतात, पाठ दुखली तरी तक्रार करीत नाहीत. त्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण उचलला जाणारा माणूस त्या वेळी काय अनुभवतो? अनोळखी हात त्याच्या काखेत शिरतात. पायऱ्यांवर खुर्ची कलते तेव्हा पडण्याची भीती त्याला वाटते, सेवेकऱ्यांना नव्हे. सभामंडपातील सगळे डोळे देवावरून निघून त्याच्याकडे वळतात. मनाला वाटेल तेव्हा यावे, एका कोपऱ्यात घटकाभर डोळे मिटून बसावे, वाटेल तेव्हा निघावे, हे इतर भाविकांना सहज मिळणारे सुख त्याला मिळत नाही. चार जण मोकळे असतील तेव्हाच त्याचे येणे आणि जाणे. प्रत्येक वेळी त्याला आभार मानावे लागतात. धडधाकट भाविक पायरीचे आभार मानत नाही. बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर तर इतकी जड असते की माणसासह ती उचलणे धोक्याचेच; मग त्याला त्याची खुर्ची बाहेर सोडून दुसऱ्या खुर्चीत हलवले जाते, म्हणजे त्याचे पायच दाराबाहेर काढून ठेवले जातात.

सेवा हे थोर साधन आहे, यात वाद नाही. पण एकाला सेवेचे पुण्य मिळावे यासाठी दुसऱ्याने असहाय राहावे, अशी मांडणी कोणत्याही संताने केलेली नाही. ज्या देवालयात उतार आहे तेथेही सेवेकऱ्याला काम उरतेच : चढावर मागून हात लावणे, गर्दीत वाट करून देणे, बहिऱ्या भाविकाला खुणेने सांगणे, अंध भाविकाच्या हाताला धरण्याऐवजी आपला हात त्याला धरू देणे. आणि जेथे उतार बांधणे खरोखरीच अशक्य आहे तेथे उचलण्याआधी ‘कसे उचलू?’ एवढे विचारावे. ते विचारण्याने सेवेचा सगळा नूर पालटतो.

शुचितेचा प्रश्नही आदराने हाताळावयास हवा. रस्त्यावरून आलेली चाके सभामंडपात नेऊ नयेत असे ज्यांना वाटते त्यांची भावना खोटी नाही. त्यावर दाराशी चाके पुसण्यासाठी ओले व कोरडे फडके ठेवणे, हा उपाय अगदी सोपा आहे. पोलिओ झालेल्या व्यक्तीचे कॅलिपर बुटालाच जोडलेले असते. बूट काढा म्हणणे म्हणजे चालू नका म्हणणे होय. कृत्रिम पायाचे काय, हा प्रश्न भारतात एका कारागिराने आणि एका शल्यविशारदाने फार पूर्वी विचारात घेतला होता. जयपूरचे रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो ‘जयपूर फूट’ विकसित केला, त्याचे वैशिष्ट्य हेच होते की तो बुटाविना वापरता येत असे. परदेशी बनावटीच्या पायाला बूट लागे, मांडी घालून बसता येत नसे, उकिडवे बसता येत नसे. अनवाणी चालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, देवळात जाणाऱ्या माणसाला तो कामाचा नव्हता. येथे माणसाला देवळाच्या रीतीत बसवण्यासाठी पायाची घडण बदलली गेली. देवळाच्या बाजूनेही थोडे पुढे येण्यास हरकत नसावी.

दगडाची अडचण मोठी वाटते, पण अनेकदा तीच सर्वांत लवकर सुटते. एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार असावा, हे सर्वमान्य प्रमाण आहे. पायरी सहा इंचांची असेल तर तीन पायऱ्यांना अठरा फूट उतार लागतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तीन पायऱ्यांवर चार-पाच फुटांची फळी टाकलेली दिसते. प्रसादाची पातेली वर ढकलण्यास ती सोयीची असेल. माणूस बसलेली खुर्ची तिच्यावरून चढत नाही, आणि उतरताना उलटते. दाराची मोकळी रुंदी तीन फूट असावी, खुर्ची वळवण्यास पाच फुटांची जागा असावी, उताराला दोन्ही बाजूंनी कठडा असावा. कळस, चांदीचा दरवाजा, संगमरवरी फरशी यांसाठी देणगीदार आनंदाने पुढे येतात आणि पायऱ्यापायऱ्यांवर त्यांची नावे कोरलेली असतात. उतारावर नाव कोरले तर तेही झिजेल हे खरे. पण ते व्हीलचेअरच्या चाकांनी, आजीच्या काठीने आणि बाबागाडीने झिजेल.

प्राचीन वास्तूंत हात लावण्याची मुभा नसते. अंधेरीच्या शेजारी असलेली जोगेश्वरीची लेणी इसवी सनाच्या सहाव्या शतकातील मानली जातात. तेथे पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जावे लागते आणि आत आजही देवीची पूजा होते. अशा ठिकाणी दगड फोडून उतार करावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु जानेवारी २००१ मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आले आणि पुढे दिल्लीला गेले, तेव्हा त्यांच्यासाठी कुतुबमिनारासारख्या जुन्या वास्तूंत लाकडी उतार बसवण्यात आले. एका दगडालाही धक्का लागला नाही. जे एका थोर पाहुण्यासाठी काही दिवसांत झाले, ते अपंग नागरिक कित्येक वर्षे मागत होते. हे कसब आपल्याकडे आहे. ते कोणासाठी वापरावयाचे एवढेच ठरवावयाचे असते.

कायद्याने हा विषय केव्हाच दयेच्या कक्षेबाहेर नेला आहे. १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा मागे पडून २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, आणि त्यात ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दाच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी जनता वापरते त्या इमारतींचाही समावेश आहे. नियम २०१७ मध्ये झाले. जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. ती मुदत २०२२ मध्ये सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा न राहता बंधनकारक असले पाहिजेत असे स्पष्ट केले. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली होती, आणि तेव्हाच्या गणनेत अपंगत्वाचे प्रकार आजच्या २१ प्रकारांहून पुष्कळच कमी होते. मधल्या काळात ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. शब्द पायरीपेक्षा लवकर बदलतो.

दर्शन म्हणजे केवळ डोळ्यांनी पाहणे नव्हे, हे विदर्भातील प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराजांच्या चरित्रावरून महाराष्ट्राला ठाऊक आहे. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या सत्पुरुषाने अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात अपार ग्रंथरचना केली. म्हणून अंध भाविकाला ‘तुम्हाला दिसत तर नाही, मग आत कशाला?’ असे विचारू नये. घंटेचा नाद, धूपाचा गंध, उंबरठ्याचा थंडगार स्पर्श यांतून त्याला जे मिळते ते त्याचे दर्शनच आहे. कळस पाहिला तरी दर्शन घडते, ही समजूतही सुंदर आहे. मात्र ती ज्याने त्याने आपल्यासाठी स्वीकारावयाची असते. बाहेरच्या बाहेर परत पाठवण्यासाठी दुसऱ्याला ती ऐकवू नये.

देवस्थानांच्या माहितीपुस्तिकांत पायऱ्यांची संख्या बहुधा महात्म्य म्हणून छापलेली असते. तीच संख्या व्हीलचेअरवरील भाविकाला वेगळ्या कारणासाठी हवी असते, आणि तिच्याबरोबर आणखी काही आकडे हवे असतात : वाहन कोठपर्यंत येते, मागील दाराशी किती पायऱ्या आहेत, उतार किती लांब आहे, दाराची रुंदी किती, पादत्राणांच्या जागेपासून सभामंडप किती दूर, शौचालयात खुर्ची वळते का, गर्दी कोणत्या वारी व कोणत्या वेळी कमी असते. ‘येथे सर्व सोयी आहेत’ असे मोघम उत्तर ऐकून मुलुंडहून निघालेला माणूस दारातील दोन पायऱ्यांपाशी थांबला, तर त्याचा सारा दिवस वाया जातो. दूरध्वनीवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याने ‘पुढच्या दाराला पाच पायऱ्या आहेत, उत्तरेकडील दाराला एकच आहे आणि तिच्यावर फळी टाकता येते’ एवढे अचूक सांगितले, तर त्या भाविकाला आपल्या वाटेचा हिशेब स्वतः करता येतो. त्यासाठी देणगी लागत नाही. दाराशी एकदा मोजपट्टी घेऊन जावे लागते.